डॅशबोर्डखालचं बटण

आमच्या इस्टीमच्या डॅशबोर्डखाली, फ्यूजबॉक्सच्या शेजारी, अंगठ्याच्या नखाएवढं एक काळं बटण होतं. सहा महिन्यांतून एकदा, पीयूसीच्या दिवशी, मी ते खाली दाबायचो. पावती हातात पडली की पुन्हा वर. अडीच वर्षांत मी ते पाच वेळा दाबलं. गाडीत बसणाऱ्या मित्रांना मी इंजिनचं सगळं काम बॉनेट उघडून दाखवायचो, बटण मात्र कधी दाखवलं नाही. कुणी विचारलंच तर ‘फॉगलॅम्पचं आहे, बंद पडलंय’ असं सांगायचो.

हा लेख त्या बटणाबद्दल आहे. पण आधी इंजिनबद्दल बोलावं लागेल, कारण इंजिनचं काम करताना मी काही चूक करत होतो असं मला अजूनही पूर्णपणे पटलेलं नाही.

वडिलांनी ती इस्टीम २००४ मध्ये घेतली. १२९८ सीसी, सोळा व्हॉल्व, कागदावर ८५ घोडे. आम्ही कोपरीत अष्टविनायक चौकाच्या मागे राहतो. म्हणजे ठाणे स्टेशनच्या पूर्वेला, एका बाजूला रेल्वे, एका बाजूला महामार्ग आणि मीठबंदर रोडने सरळ गेलात तर खाडी. नोकरी लागल्यावर गाडी माझ्याकडे आली आणि २०१३ मध्ये मी ती वागळे इस्टेटमधल्या एका मिस्त्रींकडे घेऊन गेलो. महाराष्ट्रातली पहिली औद्योगिक वसाहत म्हणून १९६२ मध्ये सुरू झालेली ही जागा. आता तिथे कारखान्यांपेक्षा आयटीची ऑफिसं जास्त आहेत, पण आतल्या गल्ल्यांत अजून लेथ फिरतात. मिस्त्रींचा गाळा अशाच एका गल्लीत होता. भिंतीवर गणपती, त्याच्या खाली व्हर्नियर आणि त्याच्या खाली ‘उधारी बंद’.

मला इनटेक मॅनिफोल्ड बदलायचा होता.

ज्यांनी कधी बॉनेट उघडलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनला पेट्रोल लागतं हे सगळ्यांना माहीत असतं, हवा किती लागते ते माहीत नसतं. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते. ती हवा फिल्टरमधून येते, थ्रॉटल नावाच्या झडपेतून आत शिरते, एका पोकळ डब्यात जमते (याला प्लेनम म्हणतात) आणि तिथून चार नळ्यांनी चार सिलिंडरांकडे जाते. डबा आणि नळ्या मिळून झाला मॅनिफोल्ड. इंजिनचा घसा म्हणा.

गंमत नळ्यांच्या लांबीत आहे. ६००० आरपीएमला प्रत्येक सिलिंडरची हवेची झडप सेकंदाला ५० वेळा उघडते आणि मिटते. नळीतून धावत आलेल्या हवेच्या तोंडावर दार धाडकन बंद होतं. हवा दारावर आदळते, तिथे दाब वाढतो आणि त्या दाबाची लाट आवाजाच्या वेगाने नळीतून उलटी जाते. डब्यापर्यंत पोचून ती परत फिरते. ती परत येईल नेमक्या त्याच क्षणी दार पुन्हा उघडलं, तर हवेचा जास्तीचा घास फुकटात आत जातो. टर्बो नाही, पंप नाही, फक्त वेळ जुळवायची. नळी लांब ठेवली तर ही वेळ कमी आरपीएमला जुळते, आखूड केली तर जास्त आरपीएमला. दोन्हीकडे जुळत नाही. नळी कापायची म्हणजे खालची ताकद देऊन वरची घ्यायची.

हे मला कळलं तेव्हा कितीतरी दिवस झोप नीट लागली नव्हती. कॉलेजात शिकलेल्या लहरींचा आयुष्यात पहिल्यांदा काही उपयोग दिसत होता.

मिस्त्रींनी मूळ मॅनिफोल्डला हात लावला नाही. भंगारातून दुसरा आणला, नळ्या आखूड केल्या, डबा कापून मोठा करून वेल्ड केला, थ्रॉटल मोठी बसवली. हेडच्या तोंडाशी पॅकिंग ठेवून, पेन्सिलने रेघ मारून, ग्राइंडरने भोकं त्या रेघेपर्यंत उघडली. मी हट्ट धरला म्हणून आतून आरशासारखं बफिंगही केलं. ते नको होतं. नळीची भिंत थोडी खरखरीत असेल तर भिंतीला चिकटलेलं पेट्रोल पुन्हा हवेत मिसळायला मदत होते, असं जाणकार सांगतात. मिस्त्रीही तेच म्हणाले होते. पण मला आरसा हवा होता, फोटो काढायला. सायलेन्सरही बदलला आणि तो बदलताना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकला. का काढला? कारण सगळे काढतात. बाहेर जायला अडथळा कमी.

मूळ ईसीयू या नव्या घशाला ओळखत नव्हता. म्हणून मध्ये एक छोटा डबा बसला, सेन्सरचे सिग्नल अडवून त्यात बदल करून पुढे पाठवणारा. सगळं मिळून आठ-दहा घोडे वाढले असं मिस्त्री म्हणाले. हा आकडा कुठल्याही डायनोवर मोजलेला नाही, त्यांच्या तोंडचा आहे.

काम चालू असताना त्यांनी एक वाक्य टाकलं होतं, ते माझ्या डोक्यात बसलं. “कंपनी गाडी सगळ्यांसाठी बनवते. कुणी लेहला नेणार, कुणी चेन्नईला. कुणी रोज धुणार, कुणी दोन वर्षं ऑइल बदलणार नाही. सगळ्यांना होईल असा सदरा शिवलाय तो. मी तुझ्या मापाचा करून देतो.”

यात खोटं काहीच नाही. कारखान्यातून आलेला मॅनिफोल्ड ही तडजोडच असते: खर्चाची, जागेची, आवाजाची, अॅव्हरेजची. ती तडजोड ज्या सरासरी माणसासाठी केली तो माणूस अस्तित्वात नसतो. विकत घेतलेली वस्तू उघडून, समजून घेऊन, स्वतःच्या मापाची करणं यात मला तेव्हाही काहीतरी सुंदर वाटत होतं आणि आजही वाटतं. मोबाइलची बॅटरी आपल्याला काढता येत नाही, वॉशिंग मशीनचा स्क्रू उघडला की वॉरंटी जाते, अशा काळात आपण मोठे झालो. वस्तू आपल्या नावावर असतात, पण आपल्या ताब्यात नसतात. मिस्त्रींच्या गाळ्यात पहिल्यांदा मला वाटलं, की ही गाडी माझी आहे.

वर्षभर मी हे तत्त्वज्ञान सगळ्यांना ऐकवलं. कोपरी पुलावर अडकलेलो असताना तर जास्तच, कारण तिथे वेळच वेळ असायचा. तो पूल रुंद झाला २०२३ मध्ये. आम्ही अडकायचो तेव्हा आठ पदरी महामार्ग रेल्वेवरून जाताना चार पदरी व्हायचा, आणि मुलुंडच्या टोलनाक्यापासून तीन हात नाक्यापर्यंत सगळे पहिल्या गिअरमध्ये. सहा हजार आरपीएमसाठी कापलेल्या नळ्या घेऊन मी तिथे हजार-बाराशेवर रांगत होतो. खालची ताकद तर देऊन बसलो होतो. शेजारची अल्टो उतारावर सहज पुढे सरकायची आणि माझी गाडी गचके खायची. वरची ताकद वापरायला मला रविवारी पहाटे घोडबंदर रोडला जावं लागे. माझ्या मापाचा सदरा मला आठवड्यातून वीस मिनिटं बसत होता.

असो. हा माझा मूर्खपणा होता, पाप नव्हतं. पुढचं पाप.

डबा मोठा झाल्यामुळे इंजिन आयडलिंगला स्थिर राहीना. काटा वर-खाली नाचायचा, सिग्नलला बंद पडायचं. मिस्त्रींनी सोपा उपाय केला, आयडलिंगला पेट्रोल वाढवलं. इंजिन शांत झालं. पण मग पहिल्या पीयूसीला गाडी नापास. त्या काळातल्या गाड्यांना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा अर्धा टक्का; माझ्या पडद्यावर आलेला आकडा मी इथे लिहीत नाही. पीयूसीवाल्या मुलाने मशीनवर टिचकी मारली, नळी झटकली, पुन्हा घातली. मशीन बरोबर होतं.

मी मिस्त्रींकडे परत गेलो. त्यांनी डोकं खाजवलं आणि त्या छोट्या डब्यात दुसरा नकाशा भरला. याला मॅप म्हणतात, कुठल्या क्षणी किती पेट्रोल याचं कोष्टक. पहिला मॅप रस्त्यासाठी, दुसरा पीयूसीसाठी. दुसऱ्यावर इंजिन कुंथायचं, थरथरायचं, पण दोन-तीन मिनिटं जेमतेम तग धरायचं, आणि पेट्रोलच्या गाडीची पीयूसी उभ्या गाडीवर, आयडलिंगलाच होते. दोन मॅपच्या मध्ये एक बटण. “हजार रुपये जास्तीचे,” ते म्हणाले. मी दिले. खरं सांगतो, तेव्हा मला या युक्तीचं कौतुकच वाटलं.

१८ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने फोक्सवॅगनला नोटीस दिली. कंपनीच्या डिझेल गाड्यांच्या सॉफ्टवेअरला कळायचं, की आत्ता आपली चाचणी चालू आहे. कळलं की गाडी शहाण्यासारखी वागायची आणि रस्त्यावर आली की मर्यादेच्या कितीतरी पट जास्त नायट्रोजन ऑक्साइड सोडायची. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या. हे उघडकीला आणणाऱ्या वेस्ट व्हर्जिनियातल्या छोट्या संशोधक गटात भारतात वाढलेले दोन इंजिनिअर होते. त्यांनी एवढंच केलं, की मोजण्याचं यंत्र प्रयोगशाळेत न ठेवता गाडीच्या डिकीत ठेवलं आणि गाडी रस्त्यावर चालवली. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआयने चाचण्या घेतल्या, डिसेंबरमध्ये कंपनीने भारतातल्या ३ लाख २३ हजारांवर गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या आणि मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटींचा दंड ठोठावला, ज्याला पुढे सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली.

ऑफिसात त्या सप्टेंबरमध्ये मी याच विषयावर तासभर बोललो. जर्मन इंजिनिअरिंगची टिंगल केली. दोन वर्षांपूर्वीचं टवेरा प्रकरणही सांगितलं. २०१३ मध्ये जनरल मोटर्सने १ लाख १४ हजार टवेरा परत बोलावल्या होत्या, कारण चाचणीसाठी जायच्या गाड्यांत आतल्या माणसांनी निवडून ठेवलेली, कमी धूर सोडणारी इंजिनं बसवली जात होती. “बघा, आपल्याला सॉफ्टवेअरही लागत नाही,” असा विनोदही मी केला. लोक हसले.

घरी जाताना कोपरी पुलावर गाडी उभी होती. माझा डावा हात उगाचच डॅशबोर्डखाली गेला आणि बोटाला ते बटण लागलं.

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये एका मेंढपाळाला अंगठी सापडते. ती फिरवली की माणूस अदृश्य होतो. तिथे प्रश्न असा आहे, की अशी अंगठी मिळाल्यावर कोण न्यायाने वागेल? आणि नाही वागला तर त्याला दोष का द्यायचा? हे मी पूर्वी वाचलं होतं, पण मला ती अंगठी नेहमी चोराच्या हातातली वाटायची. माझी अंगठी वेगळी होती. ती मला अदृश्य करत नव्हती. उलट कुणी बघत असताना मला चांगला दाखवत होती. बघणारा गेला की मी जसा होतो तसा. नीट विचार केला तर ही जास्त लबाड अंगठी आहे. अदृश्य होणाऱ्याला निदान माहीत असतं, की आपण लपलोय. मी तर पावती काचेला चिकटवून फिरत होतो.

आता तुम्ही म्हणाल, कुठे १ कोटी १० लाख गाड्या आणि कुठे तुझी एक खटारा इस्टीम. हेच मीही स्वतःला सांगितलं. आणि पुढचे आठ महिने काहीच केलं नाही.

इथे कायद्याबद्दल थोडं बोलायला हवं, कारण मित्र लगेच विचारतात, की मुळात हे सगळं बेकायदाच नाही का? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की आरसीवरचे तपशील कंपनीने दिलेल्यापेक्षा वेगळे होतील असा बदल करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी कडक वाचलं आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा बदलाला ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. आरसीवर मॅनिफोल्डचा उल्लेख नसतो, त्यामुळे वकील यावर तासभर बोलू शकतील. मला त्यात रस नाही.

मला रस आहे तो माझ्या मामाच्या वॅगनआरमध्ये. तिला सीएनजी किट बसवलं तेव्हा मी हजर होतो. फिटरने इनटेक मॅनिफोल्ड काढला, ड्रिल घेतलं आणि चार नळ्यांना चार भोकं पाडली, गॅसच्या नोझलसाठी. तोच भाग, तसंच ड्रिल. आरटीओने आरसीवर पेट्रोलपुढे सीएनजी लिहून दिलं आणि सगळं सरळ झालं. वर त्या गाडीची ताकद कमी झाली, कारण नळीत गॅसने जागा अडवली की हवेला तेवढी जागा कमी. मुंबईच्या टॅक्सी अशाच सीएनजीवर आल्या, धुराने हैराण झालेल्या नागरिकांची याचिका उच्च न्यायालयात गेल्यानंतर. म्हणजे मॅनिफोल्डला हात लावणं हे काही पवित्र वस्तूला हात लावणं नव्हे. परवानगी घेऊन, तपासून, लिहून ठेवून लावता येतो. मामाच्या गाडीत काय बदललंय ते आरसी वाचणाऱ्या कुणालाही कळतं. माझ्या गाडीत काय बदललंय ते मला, मिस्त्रींना आणि त्या बटणाला.

आणि आणखी एका व्यक्तीला. ते मला २०१६ च्या पावसाळ्यात कळलं.

माझी मावशी ठाणेकरवाडीत तळमजल्यावर राहते. दर रविवारी मी तिच्याकडे जेवायला जातो आणि गाडी तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली लावतो, कारण दुसरीकडे जागाच नसते. लावताना, काढताना, पुढे-मागे करताना इंजिन तिथे पाच-सात मिनिटं तरी चालू राहतं. त्या दिवशी मी गाडी लांब लावून पायी आलो, पाऊस थांबला होता म्हणून. खिडकी सताड उघडी होती आणि आत मासे तळण्याचा वास. मी सहज म्हणालो, “आज खिडकी उघडी?”

“मग? रोज उघडीच असते.”

“मी येतो तेव्हा तर बंद असते नेहमी.”

ती पोळी उलटत म्हणाली, “तुझी गाडी गल्लीत शिरली की मी लावून घेते. डोळे चुरचुरतात रे. गेलास की उघडते.”

तक्रार नव्हती. पावसात खिडकी लावावी, डासांच्या वेळेला लावावी, तशी ती भाच्याच्या वेळेला लावत होती. अडीच वर्षं. मी विचारलं, की बोलली का नाहीस? तर म्हणाली, “गाडी म्हटली की धूर असणारच ना. आणि तुला केवढं कौतुक तिचं.”

वास येतो तो न जळलेल्या पेट्रोलचा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. म्हणजे ज्यासाठी ती खिडकी लावत होती ते निदान तिला कळत होतं. जे कळत नव्हतं तेही येत असणारच.

मिस्त्रींच्या सदऱ्याच्या वाक्यात काय चुकलं होतं ते मला त्या स्वयंपाकघरात समजलं. कंपनी गाडी सगळ्यांसाठी बनवते हे खरं. पण मी ‘सगळे’ म्हणजे गाडी विकत घेणारे सगळे असं धरलं होतं: लेहवाला, चेन्नईवाला, ऑइल न बदलणारा. त्या तडजोडीत गाडी विकत न घेणारेही बसलेले असतात. खिडकीतली मावशी, पुलावर मागे उभा असलेला दुचाकीवाला, टोलनाक्यावर दिवसभर केबिनमध्ये बसणारा माणूस. त्यांना कंपनीने प्रेमाने बसवलेलं नाही, कायद्याने ढकलून बसवलंय, आणि संधी मिळाली की कंपन्याही त्यांना उठवतात हे फोक्सवॅगनने दाखवलंच. तरी पण त्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या डब्यात, त्या काटेकोर आयडलिंगच्या कोष्टकात त्यांची जागा होती. मी माझ्या मापाने कापताना नेमकं तेवढंच कापड कापलं. माझ्या अंगाला ते लागतच नव्हतं, म्हणून मला ते ढगळ वाटलं.

एक हिशेब मी तेव्हा केला होता, आकडा आला तो अजून डोक्यातून जात नाही. १.३ लिटरचं इंजिन ६००० आरपीएमला, पूर्ण भरलं तर, मिनिटाला सुमारे ३९०० लिटर हवा ओढतं. शांत बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो. म्हणजे मी घोडबंदरला पाय दाबायचो तेव्हा पाचशेहून अधिक माणसांची हवा आत जायची. आत जाते त्याला हरकत नाही, हवा कुणी तोलून वाटलेली नाही. पण गाडी माझी, पेट्रोल माझं, मॅनिफोल्ड माझा असं म्हणताना त्या इंजिनात सर्वांत जास्त जे जात होतं ते एकटंच माझं नव्हतं. मी फक्त त्याचा आत जायचा रस्ता मोकळा केला होता आणि बाहेर येतानाचा पहारेकरी काढून टाकला होता.

त्या आठवड्यात मी वागळे इस्टेटला गेलो आणि म्हणालो, की बटण काढा.

मिस्त्री वैतागले. “मग पीयूसीला काय करशील?”

“बटणाशिवाय पास व्हायला हवी. रोज चालवतो त्याच मॅपवर.”

“मॅनिफोल्ड काढायचा म्हणतोस?”

मी नाही म्हणालो. मला हेच बघायचं होतं. मॅनिफोल्ड आणि मावशीची खिडकी यांचं खरंच वैर आहे का? की वैर आळसाशी आहे? निघालं ते असं: थ्रॉटल मूळ मापाची घेतली, नवा कन्व्हर्टर बसवला (तो पूर्वीच्या सगळ्या कामापेक्षा महाग पडला) आणि तीन रविवार खर्चून, एक्झॉस्टमध्ये मिश्रण मोजणारा सेन्सर लावून, मिस्त्रींनी आयडलिंग एक-एक पायरीने जमवलं. पेट्रोल ओतून शांत करण्याऐवजी हवा आणि स्पार्कची वेळ जुळवून. जुन्या, आखूड नळ्यांवरच. थोडे घोडे गेले. गाडी पास झाली, आणि पीयूसीवाल्याने या वेळी टिचकी मारली नाही.

“हे तेव्हाच का नाही केलंत?” मी विचारलं.

त्यांनी हात पुसले. “तू तेव्हा तीन रविवारांचे पैसे दिले असतेस?”

नसते दिले. मी ग्राइंडिंगचे दिले, बफिंगचे दिले, बटणाचे हजार दिले. जे कुणाला दिसणार नाही आणि ज्याचा फायदा मला नाही अशा कामाचे पैसे मी दिले नसते, आणि हे मिस्त्रींना पहिल्या दिवशीच कळलं असणार. इतकी वर्षं गाळा चालवणाऱ्या माणसाला गिऱ्हाइकाचं माप घ्यायला टेप लागत नाही.

बदललेल्या सायलेन्सरांवर पोलीस रोडरोलर फिरवतात, त्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. मला ते पाहताना नेहमी थोडं हसू येतं. आवाज करणारी गोष्ट सापडते. माझी गाडी आवाज करत नव्हती, धूर दिसत नव्हता, कागद पूर्ण होते. आखूड नळ्या कुणी पाहिल्या असत्या तर दंड कदाचित त्यांना झाला असता. बटण कुणालाच सापडलं नसतं.

गाडी २०१९ मध्ये विकली, पंधरा वर्षं पूर्ण व्हायच्या आत. विकताना माळ्यावरचा मूळ मॅनिफोल्ड काढून परत बसवला, कारण न सांगितलेला बदल निघाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते, आणि ते ओझं घेणाऱ्याच्या डोक्यावर का द्यायचं? मधला डबाही काढला. बटण मात्र तसंच राहिलं. वायरी तोडल्या होत्या, पण बटण काढलं असतं तर प्लास्टिकला भोक दिसलं असतं.

घेणारा डोंबिवलीचा, विशीतला मुलगा होता. सगळी गाडी बोटांनी तपासली त्याने, माझ्यासारखीच. फ्यूजबॉक्सपाशी थांबला. “दादा, हे कसलं?”

फॉगलॅम्प जिभेवर आलं होतं. मी त्याला सगळं सांगितलं: मॅनिफोल्ड, दोन मॅप, पीयूसी, मावशीची खिडकी. तो मन लावून ऐकत होता. मला वाटलं, किंमत पाडून मागेल. त्याने पाडली नाही. आरशासारखा मॅनिफोल्ड बघायला मागितला आणि बराच वेळ हातात धरून उभा राहिला. मी तो त्याला दिला नाही, पण का दिला नाही हे नीट सांगताही आलं नाही.

आठवड्याने त्याचा फोन आला. गाडी मस्त आहे म्हणाला. मग जरा थांबून, “त्या मिस्त्रींचा नंबर मिळेल का?”

“मॅनिफोल्डसाठी?”

“हो. आणि ते बटणपण.”

मी म्हणालो, बटण नको लावूस. नीट करून घेतलं तर त्याच्याशिवायही होतं, फक्त पैसे आणि वेळ जास्त जातो. थोडे घोडेही जातात.

“पण तुम्ही चालवलीत ना दादा, अडीच वर्षं?”

मी नंबर पाठवला नाही. त्याने दुसरीकडून मिळवला असेल. वागळे इस्टेट काही फार मोठी नाही.